मेजावरचे पानिपत



दिवाळीत नांदे गावी मुले मातीच्या किल्ल्यावर मावळे मांडतात. तसलेच मातीचे शिपाई घेऊन आम्ही मोठी माणसे मंडळात मेजावर पानिपत मांडतो. चाल पट्टीने मोजावयाची, मारा फाशाने ठरवावयाचा. एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली अशा खेळावर पुस्तकच लिहिले.

तारीख १४ जानेवारी १७६१. इब्राहिमखानाचे गारदी रोहिल्यांना रेटतात. तोच विंचूरकर-गायकवाडांचे स्वार तोफांपुढे धावतात व आपलाच मारा थांबतो. आम्ही ते स्वार बोटाने आवरतो आणि जिंकतो!

परंतु मातीच्या शिपायाला भूक लागत नाही. रसद तुटून उपाशी राहिलेले लष्कर त्या सकाळी लढावयास निघाले होते. पूर्वजांची चूक काढण्यापूर्वी, श्रोतेहो, त्यांची भूक मेजावर कशी मांडावी, हे आपण स्वतःस विचारावे.