कुंडीतली जिप्सो

गुलाबाच्या गुच्छात पांढऱ्या ठिपक्यांसारखी फुलं भरलेली असतात ना, ती जिप्सोफिला. फूलवाले नुसतं जिप्सो म्हणतात. बैठकीत एका ताईंनी विचारलं, "गटाचं कर्ज काढून लावू का?" लावा, पण कोणती ते आधी बघा.

गुच्छातली जिप्सो उंच, लांब दांड्याची, वर्षानुवर्षं टिकणारी. आज सांगतेय ती 'म्युरॅलिस' ठेंगणी, एका हंगामाची. वीत-दीड वीत वाढते, उशीसारखी गोल पसरते आणि बारीक गुलाबी फुलांनी भरून जाते. तिला लांब दांडाच नाही, मग गुच्छात कशी जाणार? विकायची तर फुललेल्या कुंडीसकट. त्यासाठी कर्ज नको. एक पाकीट बी आणि दहा कुंड्यांवर अंदाज येतो.

बी राजगिऱ्याहून बारीक. चिमूटभर बी मूठभर वाळूत मिसळून कुंडीत भुरभुरायचं, तळहातानं दाबायचं, वर माती टाकायची नाही. उगवायला उजेड लागतो. वरून पाणी ओतलं तर बी वाहून जातं, म्हणून कुंडी पाण्याच्या परातीत ठेवा, माती खालून ओल ओढून घेते. आठ-पंधरा दिवसांत कोंब दिसतात. पुढं पानं अगदी अरुंद येतात, गवत समजून उपटू नका! दाटी झाली तर विरळणी करा.

जिप्सोफिला म्हणजे जिप्समवर प्रेम करणारी. चुनखडीच्या रानाला आपण नावं ठेवतो, हिला ते मानवतं. मानवत नाही ती चिकट काळी माती. पाणी साचलं की मुळं कुजलीच. मातीत वाळू किंवा बारीक मुरूम घाला, कुंडीला भोक हवंच. शेणखत थोडंच, जास्त झालं तर नुसता पाला माजतो. बोट खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी.

साधारण दोन महिन्यांत फुलते. पहिला बहर ओसरला की कात्रीनं वरून तिसरा हिस्सा छाटा, पुन्हा फुटते. उन्हाळा मात्र सोसत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पेरली तर संक्रांतीच्या सुमारास फुलावर येते, आणि रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं चालूच असतात. प्लास्टिकच्या डब्यांऐवजी वाणाला फुललेली कुंडी, कल्पना कशी वाटते? वाणासाठी कुंडी लहानच घ्या आणि भाव सांगण्याआधी कुंडी, बी, माती, खत यांचा खर्च वहीत मांडा. आपली मजुरीही त्यात धरा, ती आपण नेहमी विसरतो.