समुद्राविना चौपाटी

सोलापूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब, तरी आपल्याकडे चौपाटी आहे! पार्क मैदानालगतच्या खाऊगाड्यांना लोकांनी खुशाल हे नाव देऊन टाकलं. संध्याकाळी तिथं पावभाजी खा, डिस्को भजी खा. पण तेवढ्यावर परतू नका.

इथल्या चवींमागे शहराची घडणही आहे. १८७७ साली सोलापुरात पहिली कापडगिरणी निघाली. गिरण्या-मागांच्या कामासाठी तेलंगणातून विणकर कुटुंबं आली. पूर्व भागात आजही तेलुगू कानावर पडते. विजापूर वेशीकडे बिर्याणी आणि शिक-कढई. कर्नाटकाच्या शेजाराची चव मात्र घ्यावी ती शेंगापोळीत.

आणि कडक भाकरी! पापडासारखी पातळ, वाळवलेली, कित्येक दिवस टिकणारी. हातानं मोडायची, शेंगाचटणीवर दही घालून खायची. चटणीसाठी भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ उखळात तेल सुटेपर्यंत कुटतात. मिक्सरमधून नुसता कूट निघतो. ती चटणी नव्हे, असं आमचं स्पष्ट मत.

संक्रांतीला आलात, तर ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेतही फिरा. घरून जेवून मात्र निघू नका.