हे एकट्या घराचे काम नव्हे



सेनेगलमधील मलिकुंडा बंबारा गावच्या स्त्रियांनी आरोग्याचे शिक्षण घेतले आणि ३१ जुलै १९९७ रोजी मुलींची सुंता बंद केल्याचे जाहीर केले. इमाम देंबा दियावारा यांनी खरी अडचण ओळखली : एकाच गावाने रूढी सोडली, तर तिथल्या मुलींशी निकाह कोण करणार? म्हणून ते सोयरिकीच्या गावोगाव पायी फिरले. फेब्रुवारी १९९८ मध्ये १३ गावांनी मिळून ही रूढी सोडली. १९९९ मध्ये कायदाही झाला.

कुरआनात या प्रथेचा उल्लेख नाही. रक्तस्राव आणि बाळंतपणातील धोका मात्र खरा आहे. आपल्या देशातही काही घरांत ही रूढी चालते. तेव्हा सोयऱ्याधायऱ्यांशी बोला, मुलींना शिकवा आणि निर्णय सर्वांनी मिळून घ्या.