धनेशाच्या ढोलीपाशी



पोफळी म्हटले की कोयनेचे भूमिगत वीजगृह आठवते. परंतु कुंभार्ली घाटाच्या पायथ्याच्या या गावाला आणखी एक शेजार लाभला आहे. घाटमाथ्यावर कोयना अभयारण्य, जे २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. आणि खाली कोकणच्या उतारावर जुनी झाडी, देवराया. अशाच जुन्या वृक्षांच्या आश्रयाने धनेश संसार मांडतो. सुटीत मुलाबाळांसह त्याचे दर्शन घ्यावे, असे वाटण्यात गैर काहीच नाही. मात्र हे दर्शन कसे घ्यावे, हे जाणून घेतल्याविना निघू नये.

धनेशाला स्वतः ढोली कोरता येत नाही. बेहड्यासारख्या थोराड झाडाला आपोआप पडलेली पोकळी त्याला लागते आणि ती एकदा मानवली की वर्षानुवर्षे तेथेच वीण होते. उन्हाळ्याच्या तोंडी मादी ढोलीत शिरते आणि विष्ठा, फळांचा गर यांनी तोंड लिंपून घेते. उरते ती केवळ चोच बाहेर येईल एवढी फट. आत तिची उड्डाणाची पिसे गळतात. म्हणजे मनात आणले तरी तिला उडता येत नाही. या काळात तिचे व पुढे पिलांचे उदरभरण एकटा नर करतो. वड, उंबर, नांदरुक यांची फळे गळ्यात साठवून आणायची आणि फटीतून एकेक भरवायची, हा त्याचा दिवसभराचा क्रम.

आता अशा झाडाखाली दहा माणसे उभी आहेत अशी कल्पना करावी. कोणी दगड मारलेला नाही, कोणी अंडे उचललेले नाही. नर येतो, लांबच्या फांदीवर बसतो, माणसे पाहतो आणि परत जातो. पाहणाऱ्यांना वाटते, पक्षी दिसला, छायाचित्र मिळाले. भिंतीआड उपाशी राहिलेले जीव कोणाला दिसतच नाहीत! वाल्मीकींच्या क्रौंचवधाच्या कथेत निदान बाण तरी दिसला होता. येथे तोही नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्याचे घरटे वा अंडी यांना उपद्रव देण्याचाही समावेश आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

म्हणून ओळख पटवण्याची खूण एकच. नर फळ घेऊन आला आणि ढोलीकडे न जाता घुटमळत राहिला, तर आपण फार जवळ आहोत. तत्काळ मागे सरावे. झाडोऱ्याच्या आड, मंद रंगाच्या वस्त्रांत, दुर्बिणीने, थोडाच वेळ पाहावे. आड येणाऱ्या डहाळ्या तोडू नयेत, भ्रमणध्वनीवर धनेशाचा आवाज वाजवून त्याला बोलावू नये. हा शेवटचा प्रकार हौशी मंडळींत फार बोकाळला आहे. आणि घरट्याचे ठिकाण समूहसंदेशांत कदापि टाकू नये. रविवारी तेथे जत्रा भरते.

परंतु एका व्यक्तीला ते जरूर सांगावे. रत्नागिरी जिल्ह्यातील बहुतांश झाडी खासगी मालकीची आहे. पोकळ बुंध्याचे झाड मालकाच्या लेखी निरुपयोगी लाकूड असते आणि व्यापारी आला की प्रथम तेच तोडले जाते. त्याच्या अंगणात बसून, चहा घेत, त्या ढोलीत कोण राहते हे त्याला समजावून सांगावे.