विमानाचे सुटे भाग आणि आपले कारखानदार



जुन्या सरकारी गॅझेटियरांत पनवेलचें नांव बैलगाडीच्या चाकांसाठीं आलेलें आहे. घाट उतरून येणारा देशावरचा माल येथें खाडीच्या धक्क्यावर गलबतांत चढे, आणि गाड्या जेथें थांबत तेथेंच चाकें घडविणारे कारागीर नांदत. त्याच पनवेलच्या शेजारीं उलव्याचा डोंगर कापून व नदीचा ओघ वळवून ११६० हेक्टर भूमीवर विमानतळ झाला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं त्याचें उद्घाटन झालें आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून विमानें सुटूं लागलीं. पहिल्या टप्प्यांत वर्षास २ कोटि प्रवासी व ५ लक्ष टन माल यांची सोय तेथें योजिली आहे. या कामासाठीं दहा गांवें उठलीं. ज्यांचें अंगण विमानतळाखालीं गेलें त्यांच्या मुलांनीं या नव्या व्यवहारांत कोणतें स्थान घ्यावयाचें? सामान चढविणें व पहारा करणें हीं कामें हलकीं नव्हेत. परंतु तेवढ्यावरच त्यांची बोळवण व्हावी हें मला तरी मान्य नाहीं. विमान उडतांना पाहणें आणि विमान घडविण्यांत वाटा असणें यांत फार अंतर आहे. त्या वाट्याविषयीं आज बोलावयाचें आहे.

मोठें प्रवासी विमान म्हणजे लक्षावधि सुट्या भागांची जुळणी होय. हे सर्व भाग एकाच कारखान्यांत होत असतील अशी आपली सहज समजूत असते. वस्तुतः फ्रान्समधील तुलूज काय किंवा अमेरिकेंतील सिॲटल काय, तेथें मुख्यतः जुळणी होते. कंस, कड्या, नळ्या, दारांचे सांगाडे, पंखांच्या फासळ्या हे जिन्नस देशोदेशींच्या शेंकडों कारखान्यांतून येतात. एअरबस कंपनीच्या वहींत नोंद होऊन वाट पाहत असलेल्या विमानांची संख्या ८,००० च्या वर गेली आहे. आजच्या वेगानें तीं पुरीं करावयास दहा-अकरा वर्षें लागतील. म्हणजे गिऱ्हाईक दाराशीं उभें आहे आणि माल पुरत नाहीं. भारतांतून एअरबस दरसाल सुमारें १४० कोटि डॉलरचा, व बोइंग सुमारें १२५ कोटि डॉलरचा माल आणि सेवा घेते. एअरबसनें आपला आंकडा २०३० पर्यंत २०० कोटि डॉलरवर नेण्याचें ठरविलें आहे.

हें क्षेत्र महाराष्ट्रीय उद्योगास अपरिचित नाहीं. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनीं डिसेंबर १९४० मध्यें म्हैसूर संस्थानच्या साह्यानें बंगलोर येथें हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापिली. पुढें १९७० नंतरच्या दशकांत आपल्या अवकाश-संशोधन संस्थेनें फ्रान्सकडून वायकिंग नांवाच्या एंजिनाची विद्या घेतली, तो सौदा मोठा मौजेचा होता. मोबदला रोख रकमेचा नव्हता. आपले अभियंते त्यांच्या कामावर राबले आणि त्यांच्या अग्निबाणांसाठीं हजारों दाबमापकें येथून करून देण्याचें ठरलें. वस्तु देऊन विद्या आणण्याचा हा व्यवहार मला पुष्कळशा रोकड व्यवहारांहून श्रेष्ठ वाटतो. त्या विद्येंतून निर्माण झालेलें ‘विकास’ एंजिन विक्रोळीस गोदरेजच्या कारखान्यांत घडतें, आणि त्याचें इंधन पेटविणारें नायट्रोजन टेट्रॉक्साइड हें द्रव्य आमच्या पनवेलजवळच्या रसायनीस तयार होत आलें आहे. हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्सचा तेथील कारखाना बंद करण्याचें २०१७ मध्यें ठरलें, तेव्हां एवढा एक विभाग मात्र न मोडतां अवकाश-संस्थेकडे सोंपविण्यांत आला.

नागपूरच्या मिहान क्षेत्रांत बोइंग ७८७ विमानाच्या तळाच्या तुळया कार्बनच्या धाग्यांपासून बनतात. तेथेंच फ्रान्सच्या दासो कंपनीच्या फाल्कन विमानांचे भाग होतात, आणि अख्खें फाल्कन २००० विमान नागपुरास जुळविण्याची योजना २०२५ मध्यें जाहीर झाली. परंतु लहान कारखानदारानें पाहावें तें बेळगांवकडे. बेळगांव-कोल्हापूर भागांत ओतकाम आणि लेथकाम पिढ्यान् पिढ्या चालत आलेलें आहे. बेळगांवनजीक हत्तरगी येथें एक्वस कंपनीनें जें विशेष आर्थिक क्षेत्र उभारलें, त्यांत घडाई, कातकाम, पृष्ठभागावरील रासायनिक प्रक्रिया आणि जुळणी हीं सर्व एकाच आवारांत आणलीं. अन्यत्र एखादा कंस एके गांवीं कातला जातो, लेप देण्यासाठीं दुसऱ्या गांवीं जातो व तपासणीसाठीं तिसऱ्या. त्याचा निम्मा काळ प्रवासांतच सरतो. तळोज्याच्या वसाहतींत उत्तम यंत्रें असलेले कारखाने आहेत. पण लेपाची व उष्णतासंस्काराची मान्यताप्राप्त सोय शेजारीं नसेल, तर एकेकट्यानें कितीहि धडपड केली तरी बेळगांवची बरोबरी होणें कठीण.

कोणी विचारील, इतक्या दूर तुलूजकडे कशाला पाहावयाचें? शेजारचा चीन स्वतः विमानें करूं लागला आहे ना? खरें आहे. त्यांचें सी ९१९ हें विमान ५ मे २०१७ रोजीं प्रथम उडालें व मे २०२३ पासून प्रवासी नेऊं लागलें. एअरबसचीं विमानेंहि टिएनजिन येथें २००८ पासून जुळविलीं जातात. तथापि तेथें आपल्या लहान कारखानदारास सरळ दार उघडेल अशी आशा मी तरी दाखविणार नाहीं. दोन्ही राष्ट्रांचे संबंध ताणलेले आहेत, आणि साधे भाग घरच्या घरीं करण्याचा त्यांचा निर्धार उघड आहे. गंमत एवढीच कीं, त्या विमानाचें एंजिन फ्रेंच-अमेरिकन कंपनीचें आहे. त्या कंपनीस माल पुरविणाऱ्याचा एखादा तुकडा आडवाटेनें शेजाऱ्याच्या आकाशांत जाऊं शकतो! व्यापाराच्या वाटा नकाशावरच्या सीमांप्रमाणें सरळ नसतात.

आतां मुख्य अडचणीकडे वळूं. मोटारीचा भाग करणारा कारखानदार म्हणतो, मी केंसाच्या अंशाइतका अचूक माल देतों, मग विमानाचा भाग मला कां जमूं नये? अचूकपणा त्यास जमतो. कागद जमत नाहीं. या धंद्यांत धातूस कुळी लागते. ॲल्युमिनियमची लादी कोणत्या भट्टींतून निघाली, त्या घाणीचा क्रमांक काय, ती कोणीं कापली, कोणत्या यंत्रावर, कोणत्या दिवशीं, कोणत्या मापकानें मोजली आणि तें मापक शेवटीं केव्हां तपासलें, ही वंशावळ प्रत्येक तुकड्याबरोबर जावी लागते. वीस वर्षांनीं एखाद्या विमानांत तडा आढळला, तर त्याच घाणींतले बाकीचे तुकडे कोणकोणत्या विमानांत आहेत हें त्या नोंदीवरून शोधून काढतां आलें पाहिजे. नोंद नसलेला तुकडा सोन्याचा असला तरी भंगारांत जातो. १८९५ च्या सुमारास मुंबईच्या चौपाटीवर तळपदे यांनीं विमान उडविल्याची आख्यायिका आपण आवडीनें सांगतों. पण तिला समकालीन पुरावा नाहीं. आख्यायिकेवर अभिमान पोसतो, परंतु माल विकला जात नाहीं.

यासाठीं ‘ए. एस. ९१००’ हें प्रमाणपत्र लागतें. लेप, उष्णतासंस्कार, अदृश्य भेगा शोधण्याची परीक्षा असल्या विशेष क्रियांस ‘नॅडकॅप’ची निराळी मान्यता लागते. त्यानंतर पहिला नमुना गिऱ्हाइकाच्या आराखड्यांतील प्रत्येक मापाशीं ताडून पाहिला जातो. हें सर्व होऊन नियमित मागणी हातीं येईपर्यंत दोन-तीन वर्षें सहज जातात. त्या अवधींत यंत्राचे हप्ते चालू असतात, पगार चालू असतात, आणि उत्पन्न मात्र नसतें. धातु बहुधा गिऱ्हाइकानें नेमून दिलेल्या गिरणींतूनच, तीहि परदेशांतून, आगाऊ पैसे भरून घ्यावी लागते. आणि तयार मालाचे पैसे दोन-तीन महिन्यांनीं येतात. कारागिरी उत्तम असूनहि खेळतें भांडवल आटल्यामुळें माणूस बुडूं शकतो. बँकांनीं तारण म्हणून केवळ जमीन न पाहतां दीर्घ मुदतीचा करारहि पाहावा, असें मला आग्रहानें म्हणावेंसें वाटतें. एकदां नांव नोंदलें गेलें म्हणजे गिऱ्हाईक सहसा मोडत नाहीं, कारण नवा पुरवठादार पारखून घेण्याचा खर्च त्यालाहि नको असतो.

विमानतळाचा उपयोग येथें आहे. हे भाग वजनास हलके व किमतीस भारी, म्हणून त्यांस हवाई भाडें परवडतें. जड घडाऊ माल न्हावाशेवा बंदरांतून जाईल. दोन्ही दारें पनवेलपासून तासाभराच्या आंत आहेत.

सुरुवात कोठून करावी, असें कोणी विचारल्यास मी उडणाऱ्या भागापासून करूं नका असेंच सांगेन. जुळणीच्या वेळीं भाग धरून ठेवणारे सांचे, दुरुस्तीच्या शिड्या व मचाणें, एंजिन वाहून नेणाऱ्या गाड्या, नाजूक भागांच्या पेट्या, यांस मान्यतेचा जाच पुष्कळच कमी असतो आणि नोंदी ठेवण्याचा सराव त्यांतून होतो. दोन यंत्रें कमी घ्या, पण वातानुकूलित मापनगृह आधीं बांधा. आणि ज्या घरांत मुलगा किंवा मुलगी यंदा दहावीस आहे, त्या घरानें औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंतील यंत्रकामाच्या व मापनाच्या अभ्यासक्रमाकडे नाक मुरडूं नये. आज तळोज्यास कोणीं कारखान्याची तयारी आरंभिली, तर पहिली नियमित मागणी त्याच्या हातीं येईल तेव्हां तें मूल शिकून, उमेदवारी करून बाहेर पडलेलें असेल.