ऐकणाऱ्यालाही सोबत हवी

समजा धरणगावच्या एखाद्या शाळेत मधल्या सुट्टीत एक मुलगी बाईंपाशी येते. म्हणते, "बाई, कोणाला सांगू नका. कपाशी गेली. आबा रात्रीचे उठून ओट्यावर बसतात. 'आता जगून काय करायचं' म्हणतात." बाई तिला धीर देतात. पण संध्याकाळी चुलीपाशी तेच शब्द त्यांच्या कानांत घुमत राहतात. आपण बोललो ते बरोबर होते का? हे त्यांनी विचारायचे कोणाला?

विहिरीतला गाळ काढायला माणूस उतरतो, तेव्हा वर दोर धरणारा असतो. समुपदेशकांच्या कामात अशा दोर धरण्याला पर्यवेक्षण म्हणतात. शब्द ऐकून शिक्षकांना तपासणीचे साहेब आठवतील; पण हे तसे नव्हे. समुपदेशक ठरलेल्या दिवशी अनुभवी सहकाऱ्यापाशी बसतो आणि समोरच्याचे नाव-गाव न सांगता काय ऐकले, काय बोललो, कुठे अडलो, मनाला काय लागले, ते मांडतो.

गोव्यात 2013 ते 2015 या काळात 'संगाथ' संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांसाठी समुपदेशनाचा प्रयोग केला. समुपदेशक मानसोपचाराचे पूर्वशिक्षण नसलेले लोक होते. दर आठवड्याला ते एकत्र बसत, एकाच्या कामाचे ध्वनिमुद्रण ऐकत आणि ठरलेल्या कसोट्यांवर गुण देत. तीन महिन्यांनी पाहिले, तेव्हा समुपदेशन मिळालेल्यांत शंभरातल्या 64 जणांचे नैराश्य ओसरले होते; न मिळालेल्यांत 39 जणांचे. हे सारे यश पर्यवेक्षणाचेच असे म्हणता येणार नाही. परंतु त्याशिवाय हे काम चालवलेले नव्हते.

मग आपल्या बाईंनी काय करावे? जिवाला धोका असेल तिथे गुपित राखायचे नसते. मुलीला मायेने सांगावे, "हे ओझं तू एकटीनं वाहायचं नाही, बाळ." त्याच दिवशी मुख्याध्यापकांना आणि घरातल्या जाणत्या माणसाला गाठावे. आबांना एकटे सोडू नये, फवारणीचे औषध घरातून हलवावे, आणि त्यांना सरकारी दवाखान्यात न्यावे. 2022 मध्ये सुरू झालेल्या टेलिमानसच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. तो बाईंनीही घ्यावा.

आणि शिक्षकहो, शनिवारी शाळा सुटल्यावर तिघाचौघांनी अर्धा तास बसावे. मुलांची नावे न घेता, "या आठवड्यात मी इथे अडलो," एवढे एकमेकांना सांगावे. चहा असला तरी चालेल.