पाचवा संघ



संयोजकांनी बजावलं होतं, "तू राहतेस तिथलं काहीतरी सांग, पण सॉफ्टवेअर नको." म्हणून रग्बीवर बोलते. हसा, पण ऐका. मी पर्थला राहते, पश्चिम ऑस्ट्रेलियात. ऑफिसात डबा उघडला की आजूबाजूला हाच वाद चालू असतो, आणि आता त्यात मीही तोंड घालते.

खेळ थोडक्यात सांगते. लांबट चेंडू, पंधरा-पंधरा खेळाडू, आणि चेंडू हाताने पुढे फेकायचा नाही, मागेच द्यायचा. अंगावर झेप घेऊन कंबर-पाय धरून पाडणं बघितलं की कबड्डीवाल्यांना आपलंसं वाटेल. याला म्हणतात रग्बी युनियन. तेरा जणांची रग्बी लीग वेगळी. ऑस्ट्रेलियात ही दोन भावंडं एकमेकांचे खेळाडू पळवतात.

वाद असा : देशात व्यावसायिक संघ किती असावेत? आणि परदेशी क्लबात खेळायला गेलेल्याला देशाच्या संघात घ्यावं का? लोक हे दोन वेगळे प्रश्न समजतात. मला तो एकच प्रश्न वाटतो.

रग्बी युनियन अधिकृतपणे व्यावसायिक झाली 1995 साली. 1996 मध्ये न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका मिळून बारा संघांची स्पर्धा सुरू झाली, सुपर ट्वेल्व्ह. ऑस्ट्रेलियाचे त्यात तीन संघ. 2006 ला आमच्या पर्थचा वेस्टर्न फोर्स आला, 2011 ला मेलबर्नचा रेबेल्स. 2016 पर्यंत अर्जेंटिना आणि जपानचा एकेक संघ धरून आकडा अठरावर गेला. रात्री-अपरात्रीचे सामने, अर्धी पृथ्वी ओलांडणारे प्रवास, आणि गुणतक्ता समजावून घ्यायला माझी इंजिनिअरिंगची पदवीही कमी पडायची. पुढच्याच वर्षी ठरलं, तीन संघ कमी करायचे. दक्षिण आफ्रिकेचे दोन, ऑस्ट्रेलियाचा एक.

योगायोग बघा, त्याच 2017 मध्ये आपली प्रो कबड्डी आठ संघांवरून बारावर गेली.

ऑस्ट्रेलियातला कोणता संघ जाणार, याची टांगती तलवार चार महिने होती. त्या मोसमात फोर्स ऑस्ट्रेलियाच्या पाच संघांत दुसरा आला होता आणि रेबेल्स शेवटचा. ऑगस्टमध्ये निकाल लागला : फोर्स बंद. प्रकरण कोर्टात गेलं, तिथेही हार झाली. निळे शर्ट घालून लोक रस्त्यावर उतरले. माझा एक सहकारी मूळ दक्षिण आफ्रिकेचा आहे. पर्थमध्ये तिकडून आलेली माणसं भरपूर, आणि फोर्सच्या प्रेक्षकांत त्यांची मोठी गर्दी. तो म्हणाला, "मुलाला आता काय सांगू? सिडनीला चार हजार किलोमीटरवर जाऊन खेळ?" क्लबाच्या मैदानावर संध्याकाळी सराव करणाऱ्या पोरांना वरची पायरी दिसत होती. ती काढून घेतली होती.

सिडनीहून बदली होऊन आलेल्या दुसऱ्या सहकाऱ्याचं म्हणणं उलटं. "दूध तेवढंच, पाच भांड्यांत ओतून पाणी घालता. तीन भांड्यांत ठेवा, घट्ट राहील." त्याच्या बाजूनेही पुरावा होता. 2017 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या एकाही संघाला न्यूझीलंडच्या एकाही संघाला हरवता आलं नव्हतं. आपल्या शाळेतही हे व्हायचंच की. अ आणि ब तुकडीचा मिळून तालुक्याला एकच संघ पाठवायचा की दोन, यावरून शिक्षकांच्या खोलीत जे चालायचं ते आम्ही खिडकीखाली उभं राहून ऐकलेलं आहे!

मी मात्र पाचव्या संघाच्या बाजूची. कारण हिशोबाचं आहे. रग्बीत काही जागा अगदी खास असतात. स्क्रममध्ये पुढच्या रांगेत डोकं घालणारे प्रॉप वेगळे तयार करावे लागतात, तिथे दुसऱ्या कुणाला उभं केलं तर मान मोडायची. आणि सगळा खेळ हाताळणारा दहा नंबरचा खेळाडू, फ्लाय-हाफ. प्रत्येक संघात आठवड्याला एकच जण ती जागा सांभाळतो. संघ चार, तर देशात त्या दर्जाला दर आठवड्याला चारच दहा नंबर खेळणार. निवड समिती कितीही हुशार असो, चारांतूनच निवडणार.

2023 च्या विश्वचषकात हेच दिसलं. प्रशिक्षक एडी जोन्स यांनी क्वेड कूपर आणि मायकेल हूपर या जुन्या खोडांना वगळलं आणि दहा नंबर तरुण कार्टर गॉर्डनकडे दिला. गॉर्डन रेबेल्सचा. फिजीकडून 22-15, वेल्सकडून 40-6 अशा हारी झाल्या आणि ऑस्ट्रेलिया इतिहासात पहिल्यांदाच गटातून बाहेर. सगळे जोन्सना बोलले, मीही बोलले. पण नंतरची गोष्ट जास्त बोलकी आहे. 2024 मध्ये रेबेल्स कर्जापायी बंद झाला, तोही बाद फेरी गाठली त्याच मोसमात. गॉर्डन तेरा जणांच्या लीगकडे गेला.

आता परदेशी गेलेल्यांचं. आपल्यातले निम्मे इथे विमानाने आलेत, त्यामुळे कान टवकारलेले दिसतायत. पूर्वी ऑस्ट्रेलियात करार नसेल तर देशाच्या संघात जागा नाही, असा नियम होता. 2015 मध्ये तो सैल केला : साठ कसोटी सामने आणि सात वर्षांची सेवा असेल तर परदेशात राहूनही निवड होईल. फ्रान्समध्ये तुलाँकडून खेळणाऱ्या मॅट गिटोसाठी म्हणून लोक त्याला 'गिटोज लॉ' म्हणतात. त्या वर्षी ऑस्ट्रेलिया विश्वचषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला. पुढे अट आणखी सैल झाली. न्यूझीलंड आजही परदेशात खेळणाऱ्याला घेत नाही. दक्षिण आफ्रिका कुठूनही घेते, आणि 2019, 2023 चे दोन्ही विश्वचषक तिच्याकडे. माझा आफ्रिकन सहकारी हे दर सोमवारी ऐकवतो.

मला हा नियम साफ काढून टाकणं पटत नाही. फ्रान्स, जपानचे क्लब जास्त पैसे देतात. देशाची जर्सी हा एकच धागा पोरांना घरी धरून ठेवतो. पण धरून ठेवायला घर तर हवं! संघ बंद करायचे आणि वर खेळाडूला म्हणायचं, परदेशी गेलास तर तुला घेणार नाही, हे कसं चालेल?

फोर्सचं सुदैव, अँड्र्यू फॉरेस्ट या खाणमालकाने त्याला पोसलं. 2020 मध्ये कोविडने सीमा बंद झाल्यावर ऑस्ट्रेलियापुरती स्पर्धा भरवावी लागली, तेव्हा पर्थची आठवण झाली. गेल्या वर्षी, 2025 च्या जूनमध्ये, ब्रिटिश अँड आयरिश लायन्सचा ऑस्ट्रेलियातला पहिला सामना फोर्सशीच झाला. 54-7 असे आम्ही सडकून हरलो, पण चाळीस हजारांवर माणसं होती. बंद केलेल्या शहरात!

पुढे कसोटीच्या तोंडावर ऑस्ट्रेलियाचा दहा नंबर नोआ लोलेसिओ जखमी झाला. टॉम लायनाला आयुष्यातली पहिली पूर्ण जबाबदारी थेट लायन्ससमोर मिळाली. पोरगं धीराने खेळलं, मालिका मात्र 2-1 ने गेली. आणि ऑगस्टमध्ये जोहान्सबर्गला एलिस पार्कवर, 22-0 ने मागे पडून ऑस्ट्रेलियाने दक्षिण आफ्रिकेला 38-22 ने हरवलं, तेव्हा दहा नंबरला होता पस्तिशीचा जेम्स ओ'कॉनर. त्याला न्यूझीलंडच्या क्रुसेडर्स संघातून बोलावून आणलं होतं.

सोमवारी त्या आफ्रिकन सहकाऱ्याच्या टेबलावर मी पेढे ठेवले. त्याने एक खाल्ला आणि म्हणाला, "जिंकलात, मान्य. पण दहा नंबर शेजाऱ्याकडून उसना आणलात." मी म्हटलं, मग सांग, आमचा पाचवा संघ कुणी बंद केला? सिडनीवाला मान खाली घालून दुसरा पेढा उचलत होता.